डुप्लिकेट सुपरहिरोंचं मोल

सुपरमॅन पहिल्यांदा लोकांसमोर आला तो १९३८ साली, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून. त्याला वर्ष होतं न होतं तोच व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकाने विल आइजनर या तरुण चित्रकाराकडून ‘वंडर मॅन’ करवून घेतला. नाव वेगळं, पोशाखाचा रंग वेगळा, पराक्रम मात्र तेच. सुपरमॅनच्या मालकांनी कोर्टात धाव घेतली. वंडर मॅन पहिल्याच अंकात संपला आणि १९४० साली वरच्या न्यायालयानेही ही नक्कलच असल्याचा निवाडा कायम केला. पाठोपाठ ‘कॅप्टन मार्व्हल’वर खटला झाला. तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि १९५३ मध्ये फॉसेट कंपनीने तडजोड करून आपला नायक बंद केला. त्याच्या गोष्टी इंग्लंडमध्ये छापणाऱ्या प्रकाशकाची त्यामुळे पंचाईत झाली. त्याने १९५४ मध्ये मिक अँग्लो यांच्याकडून तसाच एक नवा नायक घडवून घेतला, ‘मार्व्हलमॅन’. सुपरहिरोंचं अख्खं घराणं असं एकमेकांकडे बघत, एकमेकांचं उचलत वाढलेलं आहे.

हा इतिहास आधी सांगायचं कारण असं, की सुपरहिरोंची नकली खेळणी म्हटलं की आपण ती एकदम बाजाराच्या तळाशी टाकतो. पिवळ्या अंगाचा स्पायडरमॅन, डोळे भलतीकडे रंगवलेला बॅटमॅन, छातीवर चुकीचं अक्षर मिरवणारा सुपरमॅन ही सगळी फसलेली कामं, असं आपण गृहीत धरतो. जगभरात काही लोक मात्र नेमकी हीच खेळणी गेली काही दशकं जिवापाड जमवत आहेत. नवल आणि गंमत त्यात आहेच. पण माझ्या मते या छंदाचं मोल त्याहून मोठं आहे. मूळ खेळणं ज्या मुलांपर्यंत पोहोचू शकलं नाही, त्यांच्यापर्यंत ती गोष्ट कोणत्या वाटेने गेली, याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे. जकात, आयातबंदी, साच्याचा खर्च, आईबापांच्या खिशातले पैसे हे सगळं त्या चार इंचांच्या बाहुल्यावर उमटलेलं असतं.

नकलेचे तीन प्रकार

नकली म्हणून सरसकट एका पोत्यात भरायची ही खेळणी नव्हेत. संग्राहक त्यांत तीन प्रकार मानतात. पहिला प्रकार बनावट मालाचा. मूळ कंपनीचं नाव, बोधचिन्ह, खोकं सगळं जसंच्या तसं उचलून गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी केलेला. यात संग्राहकांना रस नसतो, उलट चीडच असते. दुसरा प्रकार ‘बूटलेग’चा. पात्र ओळखीचं, परवाना नाही, पण आपण मूळ कंपनी आहोत असा आवही नाही. तिसरा प्रकार लटक्या भावंडाचा. रूप बरंचसं तेच, पण नाव बदललेलं. ‘स्पेशल मॅन’, ‘स्पेडर-मॅन’, रोबोकॉपच्या जागी ‘रॉबर्ट कॉप’ ही यातली गाजलेली नावं. ‘जस्टिस लीग’ हे नाव भाषांतरांच्या फेऱ्यांतून ‘सेन्स ऑफ राइट अलायन्स’ होऊन एका पाकिटावर अवतरलं, आणि ते पाकीट या छंदातलं दैवत झालं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत जीव रमतो, कारण तिथे कोणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. कुठल्याशा कारखान्यातल्या माणसाने बॅटमॅनला मोटारसायकल दिली, स्पायडरमॅनला तलवार दिली, एका पुठ्ठ्यावर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक शेजारी शेजारी चिकटवले. मूळ कंपन्यांच्या वकिलांनी असं सहसा होऊ दिलं नसतं. पण घरात खेळणारं मूल नेमकं हेच करतं. त्याच्या खेळात सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एकाच खाटेखाली लपतात. नकली खेळण्यांचा कारखाना अजाणता मुलाच्या बाजूने उभा राहतो.

साच्यातली गोष्ट

या खेळण्यांचं रूप असं का होतं, याची उत्तरं कारखान्यात सापडतात. प्लॅस्टिकच्या खेळण्यात सगळ्यात महाग वस्तू असते पोलादी साचा. हाता-पायांचे सांधे, वेगळी मान, काढता येणारा झगा यांतल्या प्रत्येकासाठी साच्यात जादा भाग लागतात. अमेरिकेत केनर कंपनीने १९८४ मध्ये ‘सुपर पॉवर्स’ ही मालिका आणली. तिच्यातल्या सुपरमॅनचे पाय दाबले की तो ठोसा मारायचा. त्यासाठी पोटात यंत्रणा होती. नक्कल करणाऱ्याने बाहेरचं रूप घेतलं आणि पोटातली यंत्रणा सोडून दिली. त्यामुळे नकली सुपरमॅन वजनाला हलका लागतो आणि हाताने हलवावा तेवढाच हलतो.

नवा साचा कोरण्यापेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे विकत आणलेल्या खेळण्यावरूनच साचा घ्यायचा. गरम प्लॅस्टिक थंड होताना किंचित आकसतं, म्हणून असा उतरवलेला बाहुला मूळ बाहुल्यापेक्षा थोडा लहान भरतो. त्यावरून आणखी कोणी साचा घेतला तर पुढचा आणखी लहान. प्रत्येक पिढीत नाकडोळे बोथट होत जातात, बोटं एकमेकांत मिसळतात, साच्याच्या दोन भागांची जोडरेघ जाड होते. जाणकार संग्राहक मोजपट्टी लावून बाहुला कितव्या पिढीतला असावा याचा अंदाज बांधतात.

रंगाचंही तसंच. मूळ खेळण्याला प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी रंगपट्टी असते. स्वस्त खेळण्यात अंग एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचं आणि वर फार तर दोन फवारे. त्या दिवशी कारखान्यात निळे दाणे नसतील आणि हिरवे असतील, तर स्पायडरमॅन हिरवा निघतो. याहून स्वस्त तंत्र हवा फुंकून पोकळ खेळणी करण्याचं. त्यात सांधा नावाला नसतो, पण कमीत कमी प्लॅस्टिकमध्ये मोठा, मुठीत न मावणारा नायक मिळतो. गरिबाघरच्या मुलाला आकार मोठा असणं फार महत्त्वाचं असतं, हे त्या कारागिराला माहीत होतं.

देशोदेशीचे नायक

नकली खेळण्यांचा नकाशा पाहिला तर तो बंद दारांचा नकाशा आहे. जिथे मूळ माल येत नव्हता किंवा परवडत नव्हता, तिथे ही खेळणी फोफावली.

तुर्कस्तानचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. तिथल्या चित्रपटसृष्टीने परदेशी नायक परवानगीशिवाय बिनदिक्कत वापरले. १९७३ च्या ‘३ देव आदम’ या चित्रपटात कॅप्टन अमेरिका आणि मेक्सिकोचा मुखवटाधारी मल्ल सांतो इस्तंबूलला येतात, ते बनावट नोटांचा धंदा करणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला पकडायला. तो म्होरक्या म्हणजे स्पायडरमॅन! पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एसबी प्रॉडक्ट या कंपनीने ‘उझाय’ नावाची बाहुल्यांची मालिका काढली. ती सुपरहिरोंची नव्हती, ‘स्टार वॉर्स’ची नक्कल होती, पण नकली खेळण्यांच्या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. तिच्यातला ‘ब्लू स्टार्स’ नावाचा बाहुला पुठ्ठ्यासकट मिळाला तर आज त्याला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. मूळ मालिकेतल्या बहुतेक बाहुल्यांना तेवढी किंमत येत नाही.

पोलंड आणि हंगेरीत समाजवादी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत अशीच खेळणी रस्त्यावरच्या टपऱ्यांतून विकली जात. पाश्चात्त्य माल दुर्मीळ आणि परकीय चलनाशिवाय अप्राप्य. मग स्थानिक कारागीर मिळेल त्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये बाहुले ओतत. तिथल्या आजच्या पन्नाशीतल्या पिढीसाठी अमेरिकी नायकाचा खरा रंग तोच आहे.

मेक्सिकोत चित्र निराळं. तिथे मुखवटा घालणारा नायक आयात करायची गरजच नव्हती. ‘लुचा लिब्रे’ या कुस्तीतला सांतो १९४० च्या दशकात आखाड्यात उतरला, १९५२ पासून त्याचं चित्रकथांचं नियतकालिक निघू लागलं आणि १९५८ पासून चित्रपट. एकाच साच्यातून निघालेले, पाय फाकवून उभे असलेले प्लॅस्टिकचे मल्ल तिथल्या बाजारांत आजही मिळतात. फक्त मुखवट्याचा रंग बदलायचा, की सांतोचा ब्लू डेमन हा दुसरा मल्ल होतो. अमेरिकी सुपरहिरो या परंपरेत आले तेव्हा त्यांनाही हाच साचा, हीच मल्लाची छाती मिळाली. १९८५ च्या भूकंपानंतर मेक्सिको शहरात बेघरांचं आंदोलन उभं राहिलं. १९८७ मध्ये त्यात लाल-पिवळ्या पोशाखातला, छातीवर ‘एसबी’ अक्षरं मिरवणारा ‘सुपरबारिओ’ अवतरला आणि भाडेकरूंच्या बाजूने घरमालकांसमोर उभा राहू लागला. परदेशी नायकाचं रूप उचलून माणसं त्यात आपला मजकूर कसा भरतात, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

अर्जेंटिनाची गोष्ट परवाना आणि नक्कल यांच्या सीमेवरची आहे. तिथल्या पासिपा कंपनीने ‘सुपर पॉवर्स’चे साचे रीतसर घेऊन ‘सुपर आमिगोस’ ही मालिका काढली. त्यात त्यांनी ग्रीन लँटर्नच्या अंगावर नवा रंग चढवून बॅटमॅनचा शत्रू रिडलर तयार केला. अमेरिकेतल्या मूळ मालिकेत रिडलर कधी निघालाच नव्हता. आज तो बाहुला त्या घराण्यातला अतिदुर्मीळ मानला जातो. काटकसरीने केलेला बदल हीच त्याची ओळख ठरली.

चीनमध्ये या धंद्याने औद्योगिक आकार घेतला. ग्वांगदोंग प्रांतातल्या शांतौ शहराचा छंगहाय भाग हे खेळण्यांचं मोठं केंद्र. परवान्याचा आणि बिनपरवान्याचा दोन्ही माल त्या पट्ट्यात तयार झाला, आणि यीवूच्या घाऊक बाजारातून जगभर गेला. पण तिथेही काळ बदलतो आहे. लेगोच्या संचांची नक्कल करणाऱ्या, त्यात सुपरहिरोंचे संचही काढणाऱ्या ‘लेपिन’वर २०१९ मध्ये छापा पडला आणि २०२० मध्ये तिच्या सूत्रधाराला शांघायच्या न्यायालयाने ६ वर्षं तुरुंगवास आणि ९ कोटी युआन दंड ठोठावला.

आपल्याकडची वाट

मराठी घरांत मुखवटाधारी नायक आधी कागदावरून आला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ मराठीत वाचला गेला. दूरदर्शनवर स्पायडरमॅनची कार्टून मालिका लागायची. गोष्ट आली, पण खेळणं नाही, कारण परदेशी खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फनस्कूलने परवान्याने काही मालिका इथे बनवल्या. त्यांतल्या जी. आय. जो बाहुल्यांचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा इतके वेगळे होते, की तिकडचे संग्राहक आज ते आवर्जून शोधतात. पण तीही खेळणी दुकानाच्या काचेआडच राहिली. बहुतेक मुलांच्या हाती आला तो जत्रेतल्या पालावरचा मुखवटा आणि फेरीवाल्याच्या काठीला अडकवलेला, पिशवीत बंद केलेला नायक.

२००१ च्या एप्रिलमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले आयात-निर्बंध उठले, आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारांतून चिनी खेळणी गावोगावी पोहोचली. सातारा-सोलापूरच्या मुलाला स्पायडरमॅन परवडू लागला तो याच काळात. मूळ बाहुल्याची किंमत महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करणारी, नकली मात्र वडापावच्या आसपास.

नकलेतल्या प्रेमाचं आपल्याकडचं सर्वात सुंदर उदाहरण मात्र खेळणं नाही, ते मालेगावातलं आहे. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट केला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख त्यात सुपरमॅन झाला, आणि त्याची लढाई होती तंबाखू आणि घाण यांच्याशी. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने तो प्रवास जगापुढे आणला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. नकली खेळण्यांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या सुपरमॅनने केव्हाच सिद्ध केलं आहे. उसन्या कपड्यात उभा राहिलेला नायक आपल्या गावच्या प्रश्नाशी लढतो, तेव्हा तो उसना राहत नाही.

संग्राहक काय जमवतात

या छंदात वस्तूइतकाच महत्त्वाचा असतो तिचा पुठ्ठा. बाहुला शेकडो ठिकाणी सारखा असू शकतो. पुठ्ठ्यावरचं चित्र, विचित्र नाव, उचललेलं छायाचित्र आणि छापखान्याची चूक यांवरून त्याचा देश आणि काळ कळतो. मूल पुठ्ठा फाडून टाकतं, म्हणून पुठ्ठ्यासकट टिकलेलं नकली खेळणं फार कमी. मूळ खेळणी लोकांनी जपून ठेवली, कारण ती महाग होती. नकली कोणी जपलीच नाहीत. दुर्मीळतेचं गणित असं उलटं फिरलं आहे.

दुसरं आकर्षण शोधाचं. परवान्याच्या मालिकांच्या याद्या असतात: किती बाहुले निघाले, कोणत्या साली, कोणत्या रंगात. यादी पुरी झाली की छंद थांबतो. नकली खेळण्यांची यादी नसते, कारण हिशेब ठेवणारा कोणी नव्हता. प्रत्येक जुन्या बाजारात अजून कोणीही न नोंदवलेला नायक सापडू शकतो. ब्रायन हेलर यांनी ‘रॅक टॉइज’ या पुस्तकात किराणा आणि औषधांच्या दुकानांत टांगलेल्या स्वस्त खेळण्यांची जगाला ओळख करून दिली, तेव्हा या कचऱ्यात केवढा ऐवज आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. आता या वस्तूंना भाव आल्यामुळे त्यांच्याही बनावट प्रती निघतात. उझायच्या पुठ्ठ्यांच्या नव्याने छापलेल्या प्रती विकल्या जातात आणि नवख्या संग्राहकाला त्या ओळखायला शिकावं लागतं.

यातूनच कलाकारांची एक शाखा निघाली. न्यूयॉर्कचे ‘सकलॉर्ड’ म्हणून ओळखले जाणारे मॉर्गन फिलिप्स यांनी जुन्या बाहुल्यांचे तुकडे जोडून, सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून, स्वतः छापलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवून थोड्या संख्येत ‘बूटलेग’ विकायला सुरुवात केली. पीटर गोरल यांच्या ‘किलर बूटलेग्स’सारखे उपक्रम त्याच वाटेवरचे. कारखान्याने नाइलाजाने केलेल्या चुका हे कलाकार हेतुपूर्वक करतात. त्यांच्या कामात खरी समज आहे, यात शंका नाही. तरी माझं मन निनावी कारागिराकडे अधिक ओढ घेतं, कारण त्याचं गिऱ्हाईक मूल होतं.

आक्षेप आणि उत्तरं

या छंदावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप आरोग्याचा, आणि तो पूर्णपणे खरा आहे. मऊ प्लॅस्टिकमध्ये थॅलेट, रंगांत शिसं, सहज तुटून घशात अडकतील असे भाग हे धोके तपासणी न झालेल्या खेळण्यांत असतात. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातली आयात खेळणी तपासली तेव्हा ६६.९ टक्के नमुने निकषांत बसले नाहीत. २०२० मध्ये आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि २०२३ मध्ये शुल्क ७० टक्क्यांवर गेलं. हे नियम योग्यच आहेत. जुनं नकली खेळणं मुलाच्या हाती देऊ नये. ते मोठ्या माणसाने कपाटात ठेवावं, उन्हापासून दूर, इतर प्लॅस्टिकला न चिकटेल असं, आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

दुसरा आक्षेप निर्मात्यांच्या हक्काचा. तोही रास्त आहे. फक्त हक्क कोणाचा, हे नीट पाहायला हवं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क विकले ते १३० डॉलरना, आणि पुढे आयुष्यभर ते न्यायासाठी झगडले. चित्रकाराचा हक्क आणि कंपनीचा हक्क एक नव्हेत. आज चालू असलेल्या मालिकांची बनावट विकत घेऊन त्या धंद्याला पैसा पुरवावा, असं मी म्हणणार नाही. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं, ज्याचा कारखाना केव्हाच बंद पडला असं खेळणं जपून ठेवल्याने कोणाचं नुकसान होत नाही.

तिसरा आक्षेप मजुरीचा. नकली माल शोषणातून येतो, असं म्हणतात, आणि बहुतेकदा ते खरंही असावं. पण परवान्याच्या मालाचा इतिहास कमी काळा नाही. १० मे १९९३ रोजी थायलंडमधल्या केडर खेळणी कारखान्याला आग लागली. १८८ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. तिथे मोठ्या अमेरिकी कंपन्यांसाठी खेळणी बनत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेन्झेनच्या झिली कारखान्यात ८७ जणांचा बळी गेला. खोक्यावर परवान्याचा शिक्का आहे म्हणून ते बनवणारे हात सुरक्षित होते, असं मानता येत नाही. दोन्हींबद्दल एकच प्रश्न विचारायला हवा: हे कोणी, कोणत्या परिस्थितीत बनवलं?

नोंद ठेवायला हवी

बाहुलीसंग्रहालयं, खेळण्यांची संग्रहालयं जगात आहेत. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं बाहुली संग्रहालय आहे, अमेरिकेत रॉचेस्टरला खेळाचंच राष्ट्रीय संग्रहालय आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं मोल आपण ओळखतो, कारण त्यात कारागिराची परंपरा दिसते. जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या नायकाला तो मान मिळालेला नाही. गुणवत्तेच्या नियमांमुळे तो आता बाजारातून ओसरतो आहे. तो जाणं मुलांच्या हिताचं आहे, पण त्याची आठवणही जावी असं नाही. १९९० आणि २००० च्या दशकांतल्या महाराष्ट्रातल्या मुलांनी सुपरमॅन कोणत्या रूपात हाती धरला, हे उद्या कोणी विचारलं तर उत्तर मूळ कंपनीच्या कॅटलॉगात सापडणार नाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, दुकानाच्या मागच्या फळीवर अशी खेळणी पडून आहेत, त्यांनी ती भंगारात देण्याआधी थोडं थांबावं. छायाचित्र काढावं. कुठल्या जत्रेत, साधारण कोणत्या साली, कितीला घेतलं, विकणारा माल कुठून आणायचा हे आठवेल तेवढं लिहून ठेवावं. पुठ्ठा असेल तर तो आधी सांभाळावा. संग्राहकांनीही भावाच्या आधी ही माहिती विचारावी, कारण तिच्याविना नकली खेळणं निव्वळ गंमत उरतं आणि तिच्यासकट ते सामाजिक इतिहासाचं साधन होतं. बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत आपल्या नायकांचे दप्तरखाने आहेत. पालावर विकल्या गेलेल्या नायकाचा दप्तरखाना लोकांनाच उभारावा लागेल, आणि ते विकणारे, घेणारे, खेळलेले लोक हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.